तळं निघून गेल्याची तक्रार

अद्भुत कथा-कवितांच्या आमच्या नव्या संग्रहात एका कवितेची जागा रिकामी होती, आणि माझी सहसंपादक वुओक्को आलेलं सगळं वाचून वैतागली होती. "इलारी, आणखी एक रडणारा यंत्रमानव आला, तर मी त्याला भंगारात देईन," ती म्हणाली.

मार्चमध्ये ग्रंथालयात लेखन टाकायला ठेवलेल्या आमच्या पेटीत वहीचा एक अरुंद कागद निघाला. वुओक्को उभ्याउभ्याच वाचू लागली:

'तळं निघून गेलं.
बर्फाचं छप्पर मागे ठेवलं.
माझा धक्का हवेत लोंबतो आहे.
कधी परतणार, कोणी सांगत नाही.'

खाली सही: हिल्पा, धक्क्याजवळचं पिवळं घर.

"हीच!" वुओक्को खाली बसली.

छापायची परवानगी हवी, म्हणून आम्ही गाडी काढून फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरापासून तासाभरावरच्या त्या गावी गेलो. दार उघडणाऱ्या बाईंनी ऐंशी ओलांडली असावी. मी म्हणालो, "तुमच्या कवितेसाठी आलोय."

"कसली कविता? मी नगरपालिकेकडे तक्रार केली होती!"

ग्रंथालयात नगरपालिकेची तक्रारपेटी आमच्या पेटीला खेटूनच आहे. चष्मा घरी विसरल्यामुळे घोटाळा झाला होता.

"पण ओळी तोडून लिहिलंय," वुओक्को चाचरत म्हणाली.

"कागद अरुंद होता. चला, बघा."

तिने आम्हाला तळ्यावर नेलं. पाणी खरंच उतरलं होतं, काठाशी बर्फ खचला होता, आणि धक्क्याचे खांब उघडे पडले होते. हिल्पाने बर्फावर काठी आपटली. खालून पोकळ आवाज आला. "सत्तर वर्षं याच्यात पोहतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "जाताना सांगायची रीत असते की नाही?"

वुओक्कोने तिच्या हाताला हात लावला. मग वेलदोड्याचा पाव आणि कॉफी झाली, आणि तिसऱ्या कपाला हिल्पाने होकार दिला. "छापा. त्यांच्यापर्यंत पोचेल तरी."

मे महिन्यात प्रकाशनाला तिने ती कविता स्वतः वाचली, खणखणीत आवाजात.  मागच्या रांगेतून नगरपालिकेचा एक तरुण अधिकारी उठला, कानापर्यंत लाल झालेला. "वितळणाऱ्या बर्फाचं पाणी मावावं म्हणून दर हिवाळ्यात पातळी उतरवतो आम्ही. यंदा जरा जास्तच उतरवली. आता भरलंय तळं."

"ते मला दिसतंय. दोन ओळी कळवायला हात मोडले होते का रे?"

"चुकलं माझं."

"बस खाली. तू निदान आलास तरी."

हशा पिकला, आणि मग टाळ्या थांबेनात. हिल्पा गोंधळून माझ्या कानाशी वाकली. "एकतीस वर्षं बस चालवली मी. बर्फात, वादळात, एकदाही उशीर नाही. कोणी टाळी वाजवली नाही कधी."

"आता काय करायचं मग?" मी विचारलं.

"काय करायचं? परत वाचते," म्हणाली, आणि चष्मा नीट बसवून पुन्हा माईकपाशी गेली.