सत्ताविसावा प्रश्न

“मॅडम, यात माझं पण घर टाका ना,” संघमित्राताई स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाल्या. “एवढी लोकांची घरं पालथी घातली. आपलं पण कळू दे.”

मी हसून त्यांना खुर्ची दिली. त्या दिवशी मी भलतीच खुशीत होते. परळच्या आमच्या ऑफिसात एकच गणित चालतं. फिनेल, मच्छर अगरबत्ती, केसांचा डाय, झुरळांचा खडू, असल्या रोजच्या वस्तूंमधलं किती रसायन माणसाच्या अंगात जातं? रक्त कुणाचं काढायचं नाही. खोली केवढी, खिडक्या किती, माणसाचं वजन किती, एवढं भरलं की कॉम्प्युटर उत्तर देतो. संघमित्राताईंनी कॉटन ग्रीन ते लालबाग दोनशे बारा घरांचे फॉर्म भरून आणले होते. त्यांच्यावरून मी पाच लाख खोटी माणसं तयार केली होती. ती माझ्या स्क्रीनवर लादी पुसायची, झोपायची, म्हातारी व्हायची, आणि जवळजवळ सगळी हिरवीगार, म्हणजे सुरक्षित होती. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट जायचा होता.

संघमित्राताई चोपन्न वर्षांच्या. आधी पोलिओचे डोस, मग जनगणना, आता आम्ही. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर उभं राहण्यात गेलेलं. कुठलंही दार त्यांना उघडायचं. मला त्यांचा अभिमान होता, आणि त्यांच्या नीटनेटक्या भरलेल्या फॉर्मांचा त्याहून जास्त.

“खोली?”

“दहा बाय बारा. खिडकी एक. माणसं तीन... नाही, चार!” त्या लाजल्या. मुलगी मानसी बाळंतपणाला आली होती. नातू सहा दिवसांचा होता.

एकेक प्रश्न करत सत्ताविसाव्यावर आलो. कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकता का?

“टाकते की. मूठभर. दर मे महिन्यात नव्या.”

मी तो आकडा भरला. बाळाचं वजन भरलं, दोन किलो आठशे. नातवाची ओळ लाल झाली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून पुन्हा भरलं. पुन्हा लालच.

“बाळाला कपडे कुठले घालता?”

“पेटीतलेच. बारशापर्यंत नवं घालत नाहीत ना. मानसीची झबली मी सत्तावीस वर्षं जपून ठेवलीत, मॅडम. एका झबल्याला भोक नाही.”

“धुऊन, उन्हात टाकून घातलीत?”

“स्वच्छच होती की.”

काही मुलांचं रक्तच असं असतं की त्या गोळ्यांच्या वाफेनं त्यातल्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ चढते. वरून कळत नाही. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, “बाळ पिवळं दिसतं का?”

“थोडं. कोवळ्या उन्हात धरते.” मग त्या थांबल्या. “सकाळी लंगोटाला चहासारखा डाग होता. घासला तरी निघेना.”

मी पर्स उचलली. जिना उतरताना दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी जागीच थांबले. “ताई, दोनशे बारा घरांत या प्रश्नाला ‘नाही’ कसं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “पेटीचं विचारलं की लोक बिचकतात. दागिने, कागदपत्रं तिथंच असतात. बिल्डरची बाई आली म्हणतात, दार लावून घेतात. म्हणून ते मी आपलं ‘नाही’ लिहायचे. गोळ्यांचं काय एवढं, वाटलं.”

टॅक्सी करून आम्ही त्यांच्या घरी निघालो. मला त्यांचा संताप आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. दोनशे बारा ‘नाही’ बघून मला एकदाही शंका आली नव्हती. माझ्या पाच लाखांत एकाही घरात पेटी नव्हती.

चाळीतल्या खोलीचं दार ढकललं आणि आधी तो वास आला. पेटीचा, गोड, ओळखीचा. माझ्या आजीच्या शालीलाही तोच यायचा.

“हळू बोल गं आई,” मानसी म्हणाली. “सकाळपासून झोपलाय. दूध पण नको त्याला. शहाणा झालाय, रडतच नाही.”

संघमित्राताईंनी दुपटं उलगडलं, झबलं अक्षरशः ओरबाडून काढलं आणि बाळाला आपल्या पदरात गुंडाळून त्या जिन्याकडे धावल्या. मानसी बाळंतपणाच्या ओल्या टाक्यांनिशी मागून ओरडत होती, “काय झालं? आई, काय झालं त्याला?”

हॉस्पिटलात दोनदा रक्त बदललं. दाखल केल्यापासून अकराव्या दिवशी बाळ घरी आलं. कावीळ उतरली, डॉक्टर म्हणाले, पण मेंदूपर्यंत किती पोचली ते आज सांगता येणार नाही. मूल मान कधी धरतं, हाकेला वळतं का, बघत राहा.

मी रिपोर्ट थांबवला. नवा माणूस नेमा, असं वरून आलं होतं. पण संघमित्राताई स्वतःच फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाल्या. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. फॉर्म नंबर एक, कॉटन ग्रीन, रमाबाई. दारात त्यांची सून भाजी निवडत बसली होती. सातवा लागलेला दिसत होता.

“काय ओ बाई, परत इलात?” रमाबाई म्हणाल्या. “त्या दिवशी सगळा सांगला मां.”

“एक विचारायचं राहिलं. पेटीत गोळ्या टाकता?”

रमाबाईंचा चेहरा आक्रसला. “आमची पेटी कित्याक होयी तुमका?”

“मी तेव्हा विचारलं नाही, ते माझं चुकलं,” संघमित्राताई म्हणाल्या. “माझ्या पेटीतली झबली मी नातवाला घातली. त्याचं रक्त नासलं. घातली मीच, या हातांनी. तुमच्याकडे बाळ यायचंय, म्हणून आलेय.”

सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. रमाबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि कॉटखालची पेटी ओढली. झाकण उघडताच तो वास गॅलरीपर्यंत आला.

संघमित्राताईंनी ‘नाही’वर काट मारून ‘होय’ लिहिलं. कपडे किती दिवस वाऱ्यावर टाकायचे, कसे धुवायचे, ते सुनेला दोनदा समजावलं. आम्ही निघालो तेव्हा रमाबाईंनी मागून हळूच विचारलं, “नातू बरो आसा मां आता?”

“अजून मान धरायचीय त्यानं,” संघमित्राताई म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारच्या दाराची कडी वाजवली.