एका बोटाची जागा

मित्रांनो, तुमच्याशी बोलताना मला थोडा संकोच वाटतो. मी एका दोन सीटांच्या लाल स्पोर्ट्स गाडीचे जुने चाक आहे. मागचे, डाव्या बाजूचे. सध्या केपटाऊनमधल्या ॲथलोन भागात एका घराच्या अंगणात मी भिंतीला टेकून उभा असतो. बागेला पाणी घालायची नळी माझ्यावर गुंडाळून ठेवतात. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, मला ठाऊक नाही. कंटाळलात तर खुशाल उठून जा. मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतले, मग मला कातले, घासले आणि इतके चमकवले की खोक्यात भरणाऱ्या माणसाने माझ्यात पाहून आपले केस सारखे केले. आम्ही चार भावंडे होतो. तेव्हापासून लोक आमच्याकडे कौतुकानेच पाहत. चांगले दिसणे आणि उपयोगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कोण सांगणार?

रशादच्या टायरच्या दुकानात मी भिंतीवर टांगलेला असताना एक दिवस इघसान आला. ती लाल गाडी मूळची त्याच्या वडिलांची. हाजी गासंत हे जुने शिंपी. वर्षानुवर्षे ईदच्या दिवशी ते बायकोला डावीकडच्या सीटवर बसवून नातेवाइकांकडे घरोघर जात. बायको गेली, गुडघे धरले, तेव्हा त्यांनी गाडी मुलाला दिली आणि एवढेच म्हणाले, "गाडी आता तुझी. ईदला मात्र मला तू फिरवायचंस."

रशादने इघसानला आधी पंधरा इंची चाके दाखवली. "ही घे. टायर जाड राहतो. खड्ड्याचा दणका टायरच गिळतो."

"आणि गाडी कशी दिसेल? दूधवाल्याची?"

"मग ही सतरा इंची घे." त्याने मला खाली उतरवले. "पण टायर पातळ येणार. त्यात गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून तुला स्प्रिंगा बुटक्या हव्यात. मग त्या कडक तरी घे, म्हणजे वजन पडलं तरी गाडी बसणार नाही."

"कडक नको रे, कंबर मोडते. बुटक्या आणि मऊ दे."

"तुला बिर्याणी पण हवी आणि पोट पण आत हवं."

दोघेही हसले. मला मात्र हसण्यासारखे काही दिसले नाही. मला निवडले होते, आणि मी त्याच आनंदात होतो.

आमच्या भागात गाडीची परीक्षा बोटांनी घेतात. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटे घालून बघायची. चार बोटे गेली तर गाडीकडे कोणी वळून पाहत नाही. दोन गेली तर माना डोलतात. माझ्या फटीत एकच बोट गेले, तेही आडवे. रशादने तेवढे विचारले होते, "शेजारी कोण बसतं?" इघसान म्हणाला, "आत्ता कोणी नाही ना? मग तू बोट घाल."

अशी माझी मोजणी रिकाम्या गाडीवर झाली.

रमजानचा महिना हाजी गासंत लेकीकडे पोर्ट एलिझाबेथला होते. त्या महिन्यात इघसान एकटाच गाडी चालवी. जिथे थांबू तिथे लोक वाकून बोट घालत, माझ्यात आपला चेहरा पाहत. मला ते फार आवडे. हे सांगतानाही आता कसेसेच होते.

मग ईद आली. नमाज झाली आणि हाजी मशिदीतून बाहेर आले. अंगावर स्वतः शिवलेला राखाडी सूट, डोक्यावर लाल फेज टोपी. ते सावकाश डावीकडच्या सीटवर बसले, शेजारच्या दारावरून एकदा हात फिरवला, आणि गाडी बसली. मडगार्ड माझ्यावर उतरले. पहिल्याच स्पीडब्रेकरवरून खाली येताना मी करकरत घासलो. रबर जळल्याचा वास आला.

पुढचा स्पीडब्रेकर समोरच होता, आणि आमच्या भागात ते गल्लोगल्ली आहेत. इघसानने गाडी थांबवली. "बोया, एक मिनिट उतरता का? ओलांडला की लगेच बसा."

वडिलांना तो बोया म्हणतो. बोया उतरले. आग्नेयेचा वारा सुटला होता. एका हाताने टोपी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी ते स्पीडब्रेकर चालत ओलांडून आले आणि पुन्हा बसले. पुढच्याला पुन्हा उतरले. त्यानंतर त्यांना सांगावे लागले नाही. स्पीडब्रेकर दिसला की ते आपणच दाराची कडी उघडत.

वाटेत आपल्या गेटपाशी शेजारच्या वासिला आंटी कोसिस्टरांचे, म्हणजे नारळ लावलेल्या पाकातल्या वड्यांचे, ताट घेऊन उभ्या होत्या. "काय हो हाजी, पोराने ईदच्या दिवशी गाडीतून हाकललं वाटतं?"

"नाही गं, पाय मोकळे करतोय."

"मग गाडी कशाला काढली? मीच आले असते तुमच्याबरोबर, गप्पा मारत."

त्याच वेळी इघसानला बूता, म्हणजे दादा, म्हणणारे दोन तरुण माझ्याजवळ वाकले होते. "एक बोट, बूता इघसान. तेही जेमतेम. काय चाक आहे."

मित्रांनो, आयुष्यात माझे कौतुक पुष्कळ झाले. त्या क्षणी मात्र कोणीतरी माझ्यावर गोणपाट टाकावे, असे मला वाटले.

थोडे पुढे गेल्यावर हाजी म्हणाले, "लतीफाचं घर जवळच आहे. मी चालत येतो. तू हो पुढे."

मागून गाड्या आल्या होत्या. तो निघाला. सीट रिकामी होती, म्हणून मी कुठेही घासलो नाही. सगळे स्पीडब्रेकर लोण्यासारखे ओलांडले. घासताना वाटली नव्हती एवढी लाज मला त्या अलगद चालण्याची वाटली.

लतीफा आत्याच्या दारात सगळ्यांनी विचारले, "हाजी कुठायत?"

"येतायत," इघसान म्हणाला, पण आत गेला नाही. त्याने माझ्या फटीत बोट घातले. गेले. मग दुसऱ्या हाताने सीटच्या बाजूचा पत्रा जोर लावून दाबला. मडगार्ड खाली आले आणि त्याने झटकन बोट काढून घेतले. रस्त्याच्या टोकाला टोपी धरून एक राखाडी सूट हळूहळू येत होता. तो अगदी दारात येईपर्यंत इघसान उन्हात उभा राहिला. मग आतून मागवलेला ग्लास पुढे करून म्हणाला, "बोया, आधी पाणी घ्या."

त्याच आठवड्यात तो वडिलांना घेऊन रशादकडे गेला. पंधरा इंची चाके, जाड टायर, जुन्या उंचीच्या स्प्रिंगा. मी बाजूला टेकवलेला होतो.

"बोया, आत बसा," इघसान म्हणाला. "रशाद, आता घाल बोट."

"तीन जातायत. लोक हसतील."

"हसू दे. त्यांच्यासोबत हस तूही."

हाजी आत ताठ बसून होते. शिंप्याला माप देताना गिऱ्हाईक ताठ राहते तसे.

मला विकावे असे ठरले होते, पण माझी कड घासून खरवडली होती. म्हणून मी अंगणात आलो. पुढच्या ईदला माझ्या भिंतीपाशी टेकूनच मी पाहिले. लाल गाडी फाटकातून निघाली, समोरच्या स्पीडब्रेकरपाशी हळू झाली, आणि हाजींचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला.

"बोया, बसा ना," इघसान म्हणाला.

हात तिथेच थांबला. गाडी वर चढली, खाली उतरली. टोपीसुद्धा हलली नाही.

"का हो हाजी, आज पाय मोकळे नाही करायचे?" पलीकडून वासिला आंटींनी विचारले.

"आज बसूनच येतो गं," ते म्हणाले.

संध्याकाळी हाजी नळी गुंडाळायला येतात. कधी कधी खिशातल्या रुमालाने माझ्यावरची धूळ पुसतात आणि म्हणतात, "अजून चमकतोयस."

मित्रांनो, मला फार कळते असे नाही. पण कधी चाक, टायर, स्प्रिंग निवडायची वेळ आली, तर गाडी रिकामी असताना मोजू नका. ज्याला न्यायचे आहे, त्याला आधी आत बसवा. मग वाका आणि बोट घाला.