बंद इंजिनाचा उतार

नेरेइदा मोटारसायकल शिकली ती साठीला टेकल्यावर, आणि तिला शिकवणारा माणूस आंधळा होता. लोमा लार्गा गावच्या लोकांना वर्षभर हसायला एवढं पुरेसं होतं.

आंधळा म्हणजे तिचा नवरा फेर्मीन. त्याने सारी उमर या डोंगरावर मोतोकोंचोचा धंदा केला होता, म्हणजे मोटारसायकलवर मागे उतारू घ्यायचे आणि खाली ओकोआ शहरात नेऊन सोडायचे. साखरेने आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आता दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओकोआला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. पुतण्या होता तोवर तो न्यायचा. पुतण्या समुद्राकडच्या एका हॉटेलात नोकरीला लागला, आणि त्याच सुमारास वादळाने क्रूसाच्या वळणावरचा निम्मा रस्ता दरीत नेला. चार चाकांची वाट बंद झाली. बाकीचे मोतोकोंचोवाले फेर्मीनचे जुने यार, पण पाण्याने फुगलेला आंधळा माणूस मागे घेऊन तो अर्धा रस्ता उतरायचा म्हटलं की एकेकाला घरची कामं आठवायची. मैत्री दुकानाच्या पायरीवर बसून करायला सोपी असते.

"मग मीच नेते," नेरेइदा म्हणाली. रागाच्या भरात म्हणाली, पण सगळ्या दुकानासमोर म्हणून बसल्यावर शब्द गिळता कसा येणार?

शिकवणी बेसबॉलच्या मैदानावर चालायची. फेर्मीन खुर्ची टाकून मधोमध बसायचा. डोळे गेले होते, पण त्याला गाडी ऐकू यायची. इंजिनाच्या आवाजावरून गिअर कळायचा, वेग कळायचा, नेरेइदा कुठे घाबरली तेसुद्धा कळायचं.

"दुसरा टाक! अगं, रडतेय ती, ऐकू येत नाही का तुला?"

"मला माझंच रडू ऐकू येतंय, मेल्या!"

दोनदा ती कुंपणात गेली. एकदा गाडी अंगावर आली आणि सायलेन्सरने पोटरी भाजली. दुकानापुढे डॉमिनो खेळणारे तिथूनच सल्ले द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळीकडे असतात. त्यात पुढे तुलिओ, फेर्मीनचा जिवलग. "वहिनी, शिंग धरा म्हशीचं!" तो ओरडायचा, आणि डॉमिनोचं टेबल हसून हसून लोळायचं.

फेर्मीनचे नियम ठरलेले होते. पुढच्या ब्रेकने माणूस तोंडावर आपटतो, असं सगळ्या डोंगराचं ठाम मत होतं, म्हणून त्याने पुढच्या ब्रेकची तार कधीच काढून टाकली होती. दुसरा नियम त्याच्या स्वतःपुरता होता. पुरुष माणसाने मागे बसलं तरी बाईच्या कमरेला हात घालायचा नाही. तो हात मागे नेऊन लोखंडी कॅरिअर धरायचा आणि ताठ बसायचा.

गुरुवारी सकाळी मात्र नियम, भीती, हसू सगळं बाजूला पडलं. आजवर कधी याला, कधी त्याला विनवून भागलं होतं, पण मंगळवारी न्यायला कोणी मिळालं नव्हतं. फेर्मीनच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता, आणि रात्रभर त्याने आडवं न होता खुर्चीत बसून श्वास ओढला होता. आज मशीन चुकलं तर पुढची पाळी बघायला तो राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. नेरेइदाने त्याला कॉफी दिली, तीही अंगात आणखी पाणी साठायला नको म्हणून फक्त ओठ ओले होण्याइतकी, आणि गाडी काढली. उतारावर ती आजवर एकदाही गेली नव्हती.

गावाच्या टोकाला आंब्याचं झाड आहे. तिथून उतार सुरू होतो तो थेट ओकोआपर्यंत.

"आंबा आला ना?" फेर्मीनने विचारलं. "बंद कर इंजिन."

"कशाला बंद?"

"अगं, सगळेच बंद करतात. चावी फिरव, गिअर काढ, आपोआप जाते खाली. चालू इंजिनाने इथून फक्त परके उतरतात. पेट्रोल काय झाडाला लागतं?"

"मला भीती वाटते, फेर्मीन."

"कशाची? मी आयुष्यभर असाच उतरलोय. चल, उशीर होतोय मला."

शेवटच्या वाक्यापुढे ती हरली. तिने चावी फिरवली. इंजिन गप्प झालं, आणि गाडी आपली आपण घरंगळू लागली. टायरखाली खडी करकरत होती, कानाशी वारा होता, बाकी काही नाही.

पहिली दोन वळणं बरी गेली. ब्रेकवर पाय ठेवून ती उतरत होती. पाय तिने उचललाच नाही. घाबरलेल्या माणसाचा पाय सुटत नाही, आणि तो मधूनमधून उचलला नाही तर ब्रेक तापून निकामी होतो, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. फेर्मीन उतारावर ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. ते त्याच्या पायाला येत होतं, तोंडाला कधी आलं नव्हतं.

तिसऱ्या वळणानंतर ब्रेक मऊ झाला. तिने जोर दिला. तो आणखी खाली गेला, आणि गाडीचा वेग काही कमी होईना.

"छान!" मागून फेर्मीन म्हणाला. श्वास लागत होता तरी आवाजात कौतुक होतं. "अशीच. पाण्यासारखी चालली बघ."

नेरेइदाच्या तोंडचं पाणी पळालं. याला काही कळतच नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. इंजिन बंद म्हणजे त्याचे कान बंद. आता या गाडीवर डोळे असलेलं माणूस एकच, आणि त्याला गाडी चालवता येत नाही! सांगावं तर तो घाबरून हलणार, आणि मागचा माणूस हलला की संपलंच. न सांगावं तर खाली क्रूसाचं वळण होतं. तिथे डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी आणि मध्ये दोन म्हशी शेजारी उभ्या राहतील एवढा रस्ता.

जळक्याचा वास आला. तो वास फेर्मीनलाही आला.

"नेरेइदा. ब्रेक किती खाली गेलाय?"

"तळाला."

तो गप्प झाला. काही तरी बोल रे, ती मनात म्हणाली, तुझ्या पाया पडते, बोल. पण ज्याला गाडी ऐकूच येत नव्हती तो बोलणार काय?

वळणावरचा पांढरा क्रूस झाडांमधून दिसला. वारा आता डोळ्यांतून पाणी काढत होता. इंजिन, तिला वाटलं, इंजिन हवं. मैदानात गॅसची मूठ सोडली की दुसऱ्या गिअरवर गाडी कशी आपोआप मंदावायची, ते तिच्या अंगाला आठवलं. चालत्या गाडीत असा गिअर घातला तर साखळी तुटते, असंही डोंगरावर म्हणत. तुटू दे. तिने चावी फिरवली, क्लच दाबला, पायाने गिअर उचलला, पुन्हा उचलला, आणि क्लच हळूहळू सोडत गेली.

गाडीला असा हिसका बसला की फेर्मीनचं कपाळ तिच्या पाठीवर आदळलं. मागचं चाक फरफटलं. मग इंजिन ओरडलं, सगळ्या दरीभर ओरडलं.

"तिसरा!" फेर्मीन किंचाळला. "तिसऱ्यावर आहेस! ऐकतोय मी! गॅसला हात लावू नको!"

"नाही लावत!"

"ओरडू दे तिला. ओरडू दे… थांब… आता. दुसरा!"

तिने दुसरा टाकला. पुन्हा हिसका. वेग तुटला, पण पुरेसा नाही, आणि क्रूस समोर आला होता. कॅरिअर धरून ताठ बसलेल्या फेर्मीनचं वजन मागे डुलत होतं आणि गाडीला दरीकडे ओढत होतं.

"मला धर!"

"काय?"

"कमरेला धर मला! मी कलेन तसा कल!"

त्याचे हात पुढे आले. त्याने तिला घट्ट आवळलं, गाल तिच्या पाठीला चिकटवला, आणि ती डोंगराकडे कलली तसा तोही कलला. उजवीकडे खडी सुटून दरीत गेली. ती खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. डाव्या कोपराला कातळ घासला. मग रस्ता पुन्हा रुंद झाला.

पुढच्या सपाटीवर रस्तेवाल्यांनी टाकलेला वाळूचा ढीग होता. तिने गाडी सरळ त्यात घातली. दोघं वाळूत बसले. नेरेइदाच्या कोपरातून रक्त येत होतं आणि ती लहान मुलासारखी रडत होती.

"मारलं असतंस मला," ती म्हणाली. "मारलंच असतंस आज. तुझं ते पेट्रोल घाल चुलीत!"

"इंजिन बंद झालं तेव्हाच मला दिसेनासं झालं," फेर्मीन म्हणाला. "उरलंसुरलं तेही."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने दोन्ही हात वाळूत खुपसले. "काय बोलू? या डोंगरावर इंजिन बंद करायला सगळ्यांना मीच शिकवलंय. तुलिओलाही मीच."

तिला त्याचा इतका राग आला होता आणि त्याची इतकी दया आली होती, की कोणतं आधी बोलावं ते तिला कळेना. म्हणून तिने डोळे पुसले, ब्रेक थंड झाला का ते चाचपलं आणि त्याला हाताला धरून उठवलं. मशीन थांबणार नव्हतं. उरलेला उतार ते दुसऱ्या गिअरवर उतरले, रडतखडत, गाईच्या चालीने. तो मशीनवर होता तेवढ्यात तिने जवळच्या मिस्त्रीकडून पुढच्या ब्रेकला तार घालून घेतली. त्याला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी निघताना फेर्मीनने गाडीवरून हात फिरवला, नेहमी फिरवायचा तसा. पुढच्या दांडीवर त्याची बोटं नव्या तारेपाशी थांबली. त्याने ती एकदा ओढून पाहिली. मागे बसला.

आंब्याखाली तुलिओ आणि आणखी दोघे उतारू घेऊन निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी चाव्या फिरवल्या. त्यांची इंजिनं गप्प झाली.

"वहिनी, बंद करा की!" तुलिओ ओरडला. "पेट्रोल जळतंय फुकट! आणि हे काय रे फेर्मीन? नव्या नवरीसारखा मिठी मारून बसलास?"

सगळे हसले. नेरेइदाने मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात चावीजवळ होता, आणि आंब्याखाली फेर्मीनने जन्मभर काय सांगितलं ते तिला माहीत होतं. ती थांबली.

फेर्मीनने तिच्या कमरेवरची मिठी आणखी आवळली.

"गप रे तुलिओ," तो म्हणाला. "मला ऐकू दे."

नेरेइदाने दुसरा टाकला.