पाटीवर राहिलेला सात

मित्रांनो, मोटारींच्या शर्यतीत एकाच झेंड्याचे फार कौतुक होते. तो चौकटींचा, शर्यत संपताना फडकणारा. विजेते त्याच्यासोबत फोटो काढतात, पोरेटोरे त्याच्या छापाच्या टोप्या घालून हिंडतात. तो मी नव्हे. मी एक जुना ताकिदीचा झेंडा आहे, निम्मा काळा आणि निम्मा पांढरा. मी दिसलो की चालकाने समजायचे, ‘बाबा रे, तू केलेली दांडगाई आम्ही पाहिली आहे. पुन्हा केलीस तर दंड बसेल.’ आता असल्या झेंड्यासोबत फोटो कोण काढणार?

माझा जन्म घरातल्या शिलाई मशीनवर झाला. ट्रॅकच्या पहिल्या वळणावर झेंडे दाखवणारे एक गृहस्थ होते. त्यांना तिथे सगळेच मामा म्हणत. विकत आणलेले झेंडे वाऱ्याने महिन्याभरात उसवत, म्हणून मामींनी स्वतः कापड आणून मला शिवले. काळा त्रिकोण आणि पांढरा त्रिकोण जोडणारी तिरपी शिवण त्यांनी दुहेरी घातली. दोरा दाताने तोडून त्या म्हणाल्या, “अहो, हा अगदी तुमच्यासारखा झालाय बघा. एक तर काळं, नाही तर पांढरं. मधलं काही नाहीच!” मामा हसले. ते खरेच नाकासमोर चालणारे गृहस्थ होते.

आमचे काम असे चाले. वळणावर कुणी कुणाला ढकलले की मामांनी फोन उचलून पंचांच्या खोलीत कळवायचे. तिथे तीन पंच पडद्यांसमोर बसलेले असत. त्यांनी ‘दाखवा’ म्हटले की मामा एका हातात मला आणि दुसऱ्या हातात त्या गाडीच्या आकड्याची पाटी धरीत. पाटीच्या खाचेत पत्र्याचे आकडे सरकवावे लागत. हुकूम येईपर्यंत थांबले तर गाडी पुढे निघून जाई, म्हणून मामा आकडा आधीच सरकवून ठेवीत. पंच ‘नको’ म्हणाले तर आकडा काढून डब्यात टाकीत.

पहिली काही वर्षे माझा चांगला दरारा होता. मला पाहून भलेभले ताळ्यावर येत. एकदा एक चालक शर्यतीनंतर मुद्दाम येऊन मामांना म्हणाला, “बरं झालं, वेळेवर झेंडा दाखवलात. डोकं फिरलं होतं माझं. आज कुणाचा तरी जीव घेतला असता.” त्या दिवशी मामींनी मला इस्त्री केली होती.

पुढे दिवस बदलले. दर शर्यतीला नवे पंच येऊ लागले आणि पंच तितके कायदे झाले. ज्या धक्क्याला मागच्या शर्यतीत दहा सेकंदांचा दंड बसला, तोच धक्का या शर्यतीत माफ. चालकांना हे कळायला वेळ लागला नाही. आधी घुसायचे, मग पंच काय म्हणतात ते बघायचे. यात सगळ्यांत पटाईत होता सात नंबरचा चालक. लोक त्याला तुफान म्हणत. गर्दीचा तो भारी लाडका. त्याला मी दिसलो की गर्दी पंचांच्या नावाने शिमगा करी, म्हणून पंचही जपून असत. बळी तो कान पिळी, दुसरे काय!

मामांच्या बहिणीची मुलगी याच शर्यतींत उतरली होती. चणीने लहान, म्हणून घरात तिला टिकली म्हणत. छोट्या गाड्यांपासून सुरुवात करून अकरा वर्षांनी ती सर्वांत वरच्या गटात पोहोचली. तिच्या गाडीचा नंबर चोवीस. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीआधी तिच्या संघमालकाने सांगितले, “पहिल्या सहांत आलीस तर पुढच्या वर्षी गाडी तुझी. नाही तर दुसरा तयार आहे.” मामांनी ऑफिसात जाऊन विनवले, “माझी भाची आहे हो, मला दुसऱ्या कामावर टाका.” ऑफिसातले म्हणाले, “ऐन वेळी माणूस कुठून आणू? आणि तुमच्यावर कोण संशय घेणार?”

सहाव्या फेरीत टिकलीने आतल्या बाजूने शिरून तुफानला मागे टाकले. चाकाला चाक घासले, एवढेच. फोन वाजला. “मामा, चोवीसला झेंडा.” मामांनी मला सख्ख्या भाचीसमोर उंच धरले. खरे सांगतो, मला त्यांचा अभिमान वाटला. त्यानंतर मात्र टिकली बिचकून चालवू लागली. पुन्हा घासले असते तर दंड होता.

पंधराव्या फेरीत तुफानने तिला त्याच वळणावर सरळ गवतात ढकलले. ती पाचवी होती, आठवी झाली. मामांनी फोन केला आणि पाटीत सात सरकवला. उत्तर आले, “कारवाई नाही. शर्यत आहे, असं चालायचंच.” मागून दुसरा आवाज हसत म्हणाला, “मामा, भाची आहे म्हणून जरा जास्तच दिसतंय का?” मामांनी फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. पाटीतला सात काढायचेही त्यांना सुचले नाही.

टिकली हिमतीची पोर. एकेकाला गाठत ती पुन्हा तुफानच्या मागे आली. सत्ताविसाव्या फेरीत तिने ब्रेक लावला त्याच क्षणी तो तिच्यापुढे आडवा आला. बोटभर अंतराने ती वाचली. पंचांचा कॅमेरा तेव्हा पुढच्या गाड्यांवर होता. पाहिले ते फक्त मामांनी. त्यांचा हात फोनवर गेला. मी त्यांच्या काखेत होतो, त्यांच्या छातीची धडधड मला कळत होती. ‘मामा, निदान सांगा तरी,’ असे मी ओरडलो असतो, पण कापडाला कुठला आवाज? हात फोनवरून मागे आला. “लोक म्हणतील, भाचीसाठी भांडतोय,” ते स्वतःशीच पुटपुटले.

दोन फेऱ्यांनी तुफानने तीच गोष्ट त्याच जागी केली. या वेळी बोटभर अंतरसुद्धा नव्हते. चाकावर चाक चढले आणि चोवीस नंबरची गाडी भिंतीवर गेली. मामा मला टाकून धावले. लाल झेंडा फडकला, शर्यत थांबली. मी जमिनीवर पडून होतो. आता माझे काही काम नव्हते.

टिकलीचा जीव वाचला. उजवा हात वाचला नाही, म्हणजे राहिला तो नावापुरता.

आठवड्याने चौकशी झाली. मी मामांच्या पिशवीत होतो, त्यामुळे सगळे ऐकले. मुख्य पंचांनी वाचून दाखवले, “सात नंबरला याआधी एकदाही ताकीद नव्हती. पहिलीच चूक धरून, पुढच्या शर्यतीत त्याने तीन जागा मागून सुरुवात करावी. चोवीसला मात्र ताकीद मिळालेली होती. तेव्हा थोडा दोष तिचाही.” मग त्यांनी मामांकडे पाहिले. “सत्ताविसाव्या फेरीतही असंच झालं, असं मुलीनं लिहून दिलंय. तुमच्याकडून काही आलं होतं?”

“नाही,” मामा म्हणाले. “पण मी पाहिलं होतं.”

“आता सांगून काय उपयोग, मामा?”

मित्रांनो, मला दाखवले म्हणून ती दोषी आणि मला दाखवले नाही म्हणून तो निर्दोष! मामींनी माझी शिवण दुहेरी घातली ती यासाठी?

तिथून मामा थेट हॉस्पिटलात गेले. टिकलीची आई खाटेशी बसली होती. ती भावाला पाणी देऊन बाहेर गेली. टिकली छताकडे पाहत होती. तशीच म्हणाली, “मामा, आधीच्या वेळी तू पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“मग फोन का नाही केलास?”

“तू माझी भाची, टिकले. लोक म्हणाले असते...”

“मी तुझी कुणी नसते, नुसती चोवीस नंबर असते, तर केला असतास?”

मामांनी पिशवी छातीशी धरली. “हो,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिले.

त्यांनी काम सोडले. टिकलीची गाडी दुसऱ्याला मिळाली. ट्रॅकवर झेंड्यांच्या जागी दिव्यांचे फलक आले. मी पाटीसकट खाटेखालच्या ट्रंकेत गेलो. तिथे दोन वर्षे काढली. घडीवर माझा पांढरा भाग पिवळा पडला.

मागच्या आठवड्यात टिकली घरी आली. मामींनी आग्रह केला म्हणून जेवली, आणि मग तिने आपणहून ट्रंक ओढली. पाटी हातात घेऊन ती थबकली. “मामा, हा सात कधीचा?”

“त्याच दिवसाचा. पंधराव्या फेरीपासून तयार होता.”

तिने मला उलगडून खाटेवर पसरले, शिवणीवरून डावा हात फिरवला. मग घडी घालू लागली, पण उजव्या हाताची तीन बोटे मिटेनात. कोपरा सुटून जाई. मामा मदतीला वाकले, तशी ती म्हणाली, “राहू दे, मामा. आता उघडाच राहू दे.”

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती कधी शिट्टी येईल, कधी झेंडा येईल. तेव्हा दिसेल ते वेळेवर सांगा. गर्दीचा लाडका म्हणून कुणाला सोडू नका. आणि एवढे माझे ऐका, आपल्या माणसाला जास्त देऊ नका, पण परक्याला दिले असते तेवढे तरी द्या. मामांनी अजून माझी घडी घातलेली नाही. रोज सकाळी ते माझ्यावरची धूळ झटकतात आणि पाटीतला सात काढायला हात पुढे करतात. तो गंजून खाचेत अडकला आहे. निघत नाही.