जुळवून घेण्याचा संकल्प

नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी शर्टांच्या कारखान्यात हजेरीच्या मशीनशेजारी पांढरा फळा लागला. वर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘या वर्षी मी स्वतःत काय सुधारणार?’ खाली प्रत्येकाचा एकेक रकाना. फळा लावला होता मालकांच्या जावयाने. सासऱ्यांनी त्याला मॅनेजर केल्यापासून माणसांत सुधारण्यासारखं काय काय आहे ते त्याला लख्ख दिसू लागलं होतं. छपराची गळती तेवढी अजून दिसायची होती.

लोकांनी भराभर लिहिलं. कटिंग मास्तरांनी तंबाखू सोडली. ती ते दर वर्षी सोडतात, हात बसलेला आहे. कॉलर लावणारीने ‘कमी बोलेन’ असं लिहिलं आणि का लिहिलं ते जेवणाची अख्खी सुट्टी सांगितलं.

उसवाबाईंनी काहीच लिहिलं नाही. सव्वीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. शर्ट घ्यायचा, शिवण ताणायची आणि खोट दिसली की एकच शब्द: “उसवा!” त्यामुळे खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. पास झालेल्या शर्टाच्या खिशात त्या आपली चिठ्ठी टाकत: ‘तपासनीस ३’. आजवर एकही चिठ्ठी त्यांनी खोटी टाकली नव्हती.

दुपारी पाणी प्यायला गेल्या, तर त्यांचा रकाना भरलेला. अक्षर जावईबापूंचं: ‘मी जुळवून घ्यायला शिकेन.’

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच ग्लास हातात घेऊन मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या.

“हे माझ्या नावाने कोणी लिहिलं?”

“मीच, मावशी. तुम्ही लाजत होतात ना!” जावईबापू हसले. “रोज चाळीस-चाळीस शर्ट परत पाठवता. जरा जुळवून घ्या. महिन्याभरात नाही जमलं, तर बटणं निवडायला बसा. तिथे आराम आहे.”

कॉलरवाली ही नात्याने त्यांची धाकटी जाऊ. तिने मागून कोपर मारलं. “जाऊबाई, जाऊ द्या. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत.”

“तू कमी बोलणार होतीस ना?” म्हणत उसवाबाईंनी तपासणीला आलेल्या गठ्ठ्यातला चौकडीचा शर्ट ओढला आणि मॅनेजरच्या टेबलावर पसरला. “शिकवा. छातीची रेघ ही इथे, खिशाची तिथे. खिसा निघाला बाजाराला आणि शर्ट बसलाय घरी. कसं घेऊ जुळवून?”

“मी स्वभावाबद्दल म्हणत होतो.”

“स्वभाव माझा सगळ्यांशी जुळतो. जुळत नाही ते कापड! चौकडी जुळवायची तर शर्टामागे वीतभर कापड जास्त लागतं. ते तुम्ही गेल्या महिन्यापासून बंद केलंत. कापड खाल्लंत तुम्ही, आणि सुधारायचं मी?”

एकेक करत मशिनी थांबल्या.

“आवाज खाली ठेवा!”

“हा खालचाच आहे. वरचा अजून काढला नाही.”

जावईबापू लालेलाल झाले. “मग महिना तरी कशाला? उद्यापासून बटणं! आणि हा गठ्ठा आत्ता पास करा, गाडी दारात उभी आहे.”

उसवाबाईंनी आपल्या टेबलाचा खण उघडला, चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं आणि पिशवीत टाकलं. “नंबर तीन चालला माझ्याबरोबर.”

“अहो, चिठ्ठीशिवाय गिऱ्हाईक माल घेत नाही!”

“मग घाला की. हे घ्या कोरे कागद. लिहा, ‘तपासनीस: मालकांचे जावई’. सासरेबुवांच्या अंगावर मूठभर मांस चढेल.”

कटिंग मास्तरांना खोकला आला. तो तंबाखूचा नव्हता.

जावईबापूंनी तणतणत पेनाचं टोपण काढलं. कागद पुढ्यात, शर्ट पुढ्यात. त्यांनी खिशाकडे पाहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. ‘त’ काढला. थांबले. खिसा ओढून रेघेवर आणायचा प्रयत्न केला, पण शिवलेला खिसा मॅनेजरचं ऐकत नाही. मग टोपण लावून, कोणाकडेही न बघता ते म्हणाले, “गाडी परत पाठवा. मास्तर, उद्यापासून वीतभर कापड जास्त धरा.” आणि आणखी हळू, “मावशी, तुम्ही बसा टेबलावर.”

“आज नाही,” उसवाबाई चपला सरकवत म्हणाल्या. “आज माझं डोकं इतकं फिरलंय, की चांगला शर्टसुद्धा टराटरा फाडीन.”

आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, घंटा व्हायच्या आधी दोन तास, त्या घरी निघून गेल्या.