पुकायला वाट सांगताना

ते १९५८ साल होतं. बागिओ शहरातून बोंतोक गावाकडे जाणारा डोंगरातला रस्ता तेव्हा कच्चा होता, आणि आमच्या बुलालायच्या पुढं तर इतका अरुंद, की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला कड्याला घासत बरंच मागं सरकावं लागे. म्हणून त्या टापूच्या दोन्ही टोकांना फाटकं होती. वरचं आमचं, खालचं सादसादानचं. एकीकडच्या गाड्या उतरून गेल्या, की दुसरीकडच्या चढायच्या. माझे वडील लांगबिस वरच्या फाटकाचे राखणदार. भिंतीवरच्या टेलिफोनचा दांडा फिरवून ते खालच्या फाटकाशी बोलत, मग आडवा बांबू वर करत. आमचं सगळं घर त्या बांबूच्या वेळेवर जेवायचं आणि झोपायचं.

त्या वर्षी कोबी काढायच्या दिवसांत माझं लग्न ठरलं होतं. मुलगा सादसादानच्या पलीकडचा, तोसिनो. फाटकावर बस थांबली की तो खाली उतरून माझ्याकडून भाजलेली रताळी विकत घ्यायचा. पुढं पुढं भूक नसतानाही घ्यायचा. वऱ्हाड डुकरं, तांदळाच्या दारूचे रांजण आणि काशाच्या थाळ्या घेऊन बसनं वर यायचं होतं आणि लग्न आमच्याच अंगणात लागायचं होतं.

आमच्यात लग्नाला एकच भीती असते. वऱ्हाड वाटेत असताना प्रेत सामोरं आलं, तर लग्न मोडतं. पुढं ढकलत नाहीत, मोडतंच. म्हणून आई आठवडाभर आजूबाजूच्या वाड्यांवर कुणी अंथरुणाला खिळलंय का, याची चौकशी करत होती. शेजारची म्हातारी दालिग, जिला आम्ही सगळ्याच वडीलधाऱ्यांना म्हणतो तसं 'आपो' म्हणायचो, ती नुसती खोकली, तरी आई हातातलं काम टाकून तिच्याकडं धावायची.

"आपो, एवढं लग्न होईस्तोवर दम धरा हं," आईनं तिला तोंडावर सांगितलं.

"धरते बाई. पण डुकराचं मटण मऊ शिजव. मला दात नाहीत, आणि न खाता मरायची माझी तयारी नाही."

लग्नाच्या सकाळी धुकं दरीत बसलेलं होतं आणि वर लख्ख ऊन होतं. अंगणात बायका भाताची भांडी चढवत होत्या. तेवढ्यात बागिओच्या बाजूनं किवासचा ट्रक धापा टाकत वर आला. किवास आमच्या ओळखीचा, खाली कोबी नेणारा आणि वर तांदूळ, रॉकेल आणणारा. तो फाटकापाशी थांबला, पण त्यानं इंजिन बंद केलं नाही. रेडिएटरमधून वाफ उसळत होती.

"अरे, बंद कर की! फुटेल ते," वडील म्हणाले.

"बंद करता येत नाही, आपो लांगबिस." किवासनं मानेनंच मागं खूण केली. "केलं तर त्याला वाटेल, घर आलं. तुमच्याच अंगणात उतरेल."

मागं रिकाम्या पोत्यांवर पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीत गुंडाळलेलं प्रेत होतं. शेजारी एक बारकीशी म्हातारी, चादरीवर हात ठेवून बसलेली. तिचं नाव दुगय. मुलाचं पुकाय. खाणीत दरड कोसळून तो गेला होता, आणि ती त्याला बोंतोकच्याही पलीकडच्या आपल्या गावी नेत होती.

बायकांच्या हातातले डाव जागच्या जागी थांबले. आईनं कपाळावर हात मारला.

वडिलांनी टेलिफोन केला. वऱ्हाडाची बस खालच्या फाटकावर येऊन उभी होती. आधी बस वर घेतली, तर ट्रकला इथंच थांबावं लागणार, आणि वऱ्हाड येऊन थेट त्याच्यापुढंच उतरणार. ट्रक आल्या वाटेनं मागं फिरवावा, तर मेलेल्याला घराकडून परत फिरवणं याहून वाईट काही नाही. राहता राहिलं ट्रकला आधी खाली सोडणं. पण मग वऱ्हाड आणि प्रेत खालच्या फाटकावर समोरासमोर येणार.

उपाय आईनंच काढला. "पोती आहेत ना? ती वर टाका. म्हातारीला पुढं बसवा. तोंडातून शब्द न काढता निघून जा. नेहमीचा ट्रक म्हणून बघणारसुद्धा नाही कुणी."

"मावशी, डोकं आहे हो तुम्हाला," किवास म्हणाला. "पण गप्प कसं जायचं?"

गप्प जाता येत नव्हतं, हे आईलाही ठाऊक होतं. परमुलखात मेलेल्याचा जीव देहाच्या मागून चालत येतो, आणि त्याला वाट माहीत नसते. प्रेतावर हात ठेवून शेजारच्यानं त्याला रस्ता सांगत जायचा असतो. वळण आलं, पूल आला, खडक आला, एकेकाचं नाव घेऊन मोठ्यानं. जिथं सांगायचं राहिलं, तिथं तो थांबतो आणि तिथलाच होऊन राहतो.

दुगय काहीतरी बोलली, पण ऐकू आलं नाही. किवासनं सांगितलं, "घसा गेलाय तिचा. बागिओपासून ओरडतेय. मी खिडकीतून नाव सांगायचो, ती त्याला सांगायची. आता नुसता वारा निघतो."

मी जवळ गेले. ती माझ्या कानाशी वाकली. "पोरी, इथून पुढचं मला काहीच ठाऊक नाही. येताना रात्र होती, धुकं होतं. खालचं फाटक गेलं की माझाच मुलूख. तिथं तो मला रस्ता सांगेल. पण हा मधला..."

हा मधला रस्ता मला पाठ होता.

मी आईकडं बघितलं. तिला काय ते कळलं. "अल्बिना, आज तुझं लग्न आहे," ती म्हणाली. मग वडिलांना, "अहो, काही बोलाल की नाही?"

वडिलांनी बांबूचा दोर हातात घेतला. "फाटक उघडणं माझं काम," ते म्हणाले. "कुणी बसायचं नि कुणी नाही, ते मी आजवर कधी सांगितलेलं नाही."

"झालं! बाप-लेक एका माळेचे मणी!" आई रडायला लागली.

किवासनं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि मी नव्या लुगड्यानिशी मागं चढले. चादरीवर हात ठेवला. चादर गार होती. बांबू वर गेला.

पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. अनोळखी माणसाला नावानं हाक मारायची, तीही मेलेल्या. मग डावीकडं काळा कातळ आला, ज्यातून उन्हाळ्यातसुद्धा पाणी पाझरतं.

"पुकाय, हा रडका खडक. इथं पाणी पी हवं तर. पण थांबू नकोस."

दुगयनं मान हलवली. त्यानंतर आवाज आपोआप येत गेला. जुळे पाइन आले. पाद्र्याचा घोडा पडला होता ते वळण आलं. "पुकाय, इथं कड्याच्या बाजूनं ये, दरीत बघू नकोस." खाली धुकं फाटलं आणि भाताच्या पायऱ्या चमकल्या, तेव्हा म्हातारीनं माझा हात दाबला, म्हणून मी तेही सांगितलं, "पुकाय, खाली पाणी भरलेली खाचरं दिसतायत. लावणी झालीय." गरम पाण्याच्या झऱ्याची वाफ आली, लाकडी पूल आला. पुलाच्या फळ्या वाजताना मी दोनदा हाक मारली, त्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून.

मग खालचं फाटक दिसलं. बस कडेला उभी होती. टपावर बांधलेली डुकरं ओरडत होती. तोसिनो नवं जाकीट घालून रस्त्यावरच उभा होता.

ट्रकवर पोती पडलेली होती आणि प्रेत त्यांच्याखाली सहज झाकलं गेलं असतं. दुगयनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं डोळे मिटले होते. काही मागत नव्हती ती.

"पुकाय!" मी ओरडले. "सादसादानचं फाटक आलं! इथून पुढं तुझ्या आईच्या ओळखीचा रस्ता आहे. तिच्याबरोबर जा."

वऱ्हाडातले सगळे माना वळवून बघत राहिले. बायकांनी पदर तोंडावर घेतले. लग्न लावायला आलेले म्हातारे आपो ओलसिम काठी टेकत पुढं आले. आधी त्यांनी प्रेतापुढं मान लववली, मग माझ्याकडं वळले.

"पोरी, तू केलंस ते करायलाच हवं होतं. पण आता आम्हाला परत जायला हवं. तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, आपो."

मी खाली उतरले. दुगयनं माझा हात धरला आणि सोडला. ट्रक निघून गेला. तिचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठ हलत होते.

तोसिनो माझ्याजवळ आला. त्याची आई बसमधून ओरडली, "तिथं काय करतोस? चल!"

"गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?" तो म्हणाला.

"आपलं लग्न झालं असतं."

"मग?"

"मग आयुष्यभर मला वाटत राहिलं असतं, फाटकावर कुणीतरी उभं आहे."

त्यानं जाकिटाचं बटण फिरवलं. "मी आईला सोडून आलो असतो, असं म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण आलो नसतो. उगाच कशाला खोटं बोलू." मग तो बसमध्ये चढला. बस वळवताना ड्रायव्हरला फार खटपट करावी लागली, आणि मला तेवढा वेळ तिथं उभं राहावं लागलं.

मी चालत वर आले. घरी पोचले तेव्हा रस्त्याच्या डागडुजीवरचे मजूर आमच्या अंगणात बसून लग्नाचा भात खात होते. आई त्यांना वाढत होती. माझ्यापुढंही तिनं ताट ठेवलं.

रस्ता रुंद झाला तेव्हा फाटकं गेली. वडिलांनी मग उतारावर कोबी लावला. टेलिफोन मात्र त्यांनी भिंतीवरून काढू दिला नाही. ते म्हातारपणानं, झोपेत गेले. आपो दालिग माझं लग्न मोडलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली होती, आणि आई चिडून म्हणाली, हिनं तेवढा दम धरला तो फुकटच. किवासनं ट्रक विकून बागिओत वखार टाकली, आणि दिसेल त्याला तो सांगायचा की डोंगरातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर भाजी विकतोय. तोसिनोनं मांकायान गावची मुलगी केली. त्यांना पाच मुलं झाली. बाजारात भेटला की तो बायकोदेखत माझी चौकशी करायचा, आणि तीही करायची. मी उशिरा, तिशीनंतर, शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न केलं. त्या दिवशी आई पहाटेच उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावून बघत होती. मास्तर माझ्याशी चांगले वागले. आता तेही नाहीत.

दुगयचं पुढं काय झालं, मला कधीच कळलं नाही. किवासनं तिला बोंतोकलाच गावकऱ्यांच्या हाती सोपवलं होतं; पुढं एकदा त्यानं मुद्दाम निरोप धाडून तिच्या गावात विचारलं. त्या नावाच्या तिथं तीन म्हाताऱ्या होत्या, आणि तिघींनीही मुलगे खाणीतच गमावले होते.