कायद्याची खुर्ची

या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसणार नाही, पैज लावतो. गेल्या खेपेला सांगितली तेव्हा लोक अर्ध्यातून उठून गेले, आणि जाताना मला वेड्यात काढून गेले. तुम्ही मात्र बसा. पायऱ्या ऐसपैस आहेत. आणि तू गं, भांड्यांच्या दुकानातली, भिंतीला टेकून उभी का? बस की.

"नको काका, उभीच बरी."

बरं, उभी तर उभी.

तर पडद्यांच्या कापडाचं एक दुकान होतं आणि तिथे मीटरताई कामाला होती. हातात कायम लोखंडी मीटर, म्हणून हे नाव. सकाळी शटर वर गेलं की उभी राहायची, ती शटर खाली येईपर्यंत. तागे काढायचे, उलगडायचे, मोजायचे, परत गुंडाळायचे. संध्याकाळी पाय चपलेत मावायचे नाहीत. मालकांचं म्हणणं ठरलेलं, "दुकानात माणूस बसला की धंदा बसतो." नोकरी सोडावी तर घर तिच्याच पगारावर चालायचं. नवरा काम शोधत होता, आणि ते शोधणं त्याला भारी मानवलं होतं. तेव्हा मीटरताईचं मागणं इवलंसं होतं. नोकरी न जाता दिवसातून एकदा बूड टेकायला मिळावं.

आणि सरकारने नियम काढला! दुकानात उभ्याने काम करणाऱ्याला खुर्ची द्यायची, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्यायचं, आणि बसला म्हणून पगार कापायचा नाही. मीटरताईने पेपरातलं कात्रण मालकांपुढे धरलं. मालक चिडले नाहीत. तिथेच तिने ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची आली. हातांची, चाकांची, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच.

"घ्या, तुमची कायद्याची खुर्ची," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक नसलं की खुशाल बसा."

मीटरताई बसायला वाकते न वाकते तोच दार उघडून मालकांचे मेहुणे आत आले.

"ताई, तो निळा दाखवा जरा."

"अहो, गिऱ्हाईकाला उभं ठेवता?" असं म्हणत मालकांनी तीच खुर्ची मेहुण्यांच्या बुडाखाली सरकवली.

निळा दाखवला की हिरवा, हिरवा दाखवला की परत निळा. दुसऱ्या दिवशी मेहुणे. तिसऱ्या दिवशीही मेहुणे, आता डबा घेऊन. मालकांनी त्यांना गिऱ्हाईक म्हणून पगारावरच ठेवलं होतं. दुकान बंद व्हायला उशीर झाला की जादा कामाचे पैसे वेगळे. त्या दुकानात ओव्हरटाइम मिळालेला पहिला माणूस, आणि तो गिऱ्हाईक! बरं, त्यांच्या घराला खिडकी एकच, तीही शेजाऱ्याने भिंत घालून बुजवलेली.

मीटरताईने कामगार कार्यालयात अर्ज टाकला आणि वाट पाहत उभी राहिली. उभीच राहिली. पायांना उभं राहायची सवय बसली, ती अशी पक्की बसली की एका सकाळी गुडघे वाकेनातच. नुसतं कटकट वाजायचं, गंजलेल्या कडीसारखं.

"नाटकं!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मागून एक धक्का दिला. मीटरताई सरळसोट जमिनीवर आपटली. नवऱ्याने उचलून तिला कपाटाला टेकवून ठेवलं. रात्रीही ती तशीच झोपायची. सासूबाई जाता-येता तिच्या हातावर ओला टॉवेल टाकायच्या.

"निदान एवढा तरी उपयोग," म्हणायच्या.

कामावर मात्र खाडा नाही. मालाच्या टेंपोत, ताग्यांच्या रांगेत आणखी एक तागा म्हणून उभी राहून ती दुकानात यायची.

एकदाचे इन्स्पेक्टर साहेब आले. त्या दिवशी मेहुण्यांना सुट्टी, भरपगारी. दुकानात गिऱ्हाईक एकही नाही. मधोमध खुर्ची, पुसून लख्ख केलेली.

"बाई," साहेब मायेने म्हणाले, "अर्ज तुमचाच ना? बसा."

सगळं दुकान बघायला लागलं. मीटरताईने दात-ओठ खाल्ले, काउंटरला धरून जोर लावला. कट्! डोळ्यांतून पाणी आलं. बूड काही खाली येईना.

"बघा साहेब," मालक हात जोडून म्हणाले, "मी देतोय, तीच घेत नाही. कशी वळवू हिला?"

"साहेब, गुडघे वाकत नाहीत हो माझे!"

"वाकत नाहीत?" साहेबांनी पेन उघडलं. "मग खुर्ची कशाला मागितलीत, बाई? सरकारी माणसाचा वेळ काय फुकट येतो?" आणि त्यांनी लिहिलं, 'खुर्ची उपलब्ध. कामगाराचा बसण्यास नकार. अर्ज निकाली.' मग स्वतः त्या खुर्चीत बसून चहा घेतला. गादीची तारीफही केली.

साहेब गेल्यावर मालक तिच्याजवळ आले. आवाज अगदी लोण्यासारखा.

"तुम्हाला बसवलंच पाहिजे, असा नियम आहे ना, ताई? मग मी बसवतो. घरी."

"घरी तरी कुठे बसता येतंय, मालक?"

मालक तिच्याकडे बघायला लागले. वरून खालपर्यंत, माल बघावा तसे.

"खरंच की. मग उभ्याच राहा. काचेत."

तिला उचलून समोरच्या काचेत ठेवलं. खांद्यावरून जरीचा पडदा सोडला, हातावरून जाळीचा. नियम सगळे कामगाराला. पुतळ्याला खुर्ची नको, जेवणाची सुट्टी नको, पगारही नको. मेहुणे रस्त्यावर उभे राहून म्हणाले, "आता कशी दुकानाला शोभा आली!" सासूबाई एकदा येऊन गेल्या. पडद्याचा भाव विचारला, महाग आहे म्हणाल्या, आणि गेल्या. मीटरताईला सगळं दिसत होतं. तेवढे डोळेच काय ते हलत होते.

पण मालक कायद्याला धरून चालणारे हो! काम सुटलं की हिशोब चुकता करायचा असतो. त्यांनी तिला काचेत ठेवलं त्याच संध्याकाळी, तिने न मागता, मागचा सगळा पगार, रजेचे पैसे आणि इतक्या वर्षांचा ओव्हरटाइम मोजून पाकिटात घातला, आणि ते पाकीट काचेत तिच्या हातात...

"थापा मारू नका, काका!" भिंतीला टेकलेली ती भांड्यांच्या दुकानातली ओरडली. "मेहुणे खरे. गुडघे खरे. काचसुद्धा खरी. पण मालकाने न मागता पैसे दिले? इथे नाही बसला विश्वास!"